रम्सला जाताना

आता या रस्त्याला तुझं नाव आहे.
बलदियाच्या माणसांनी निळी पाटी ठोकली,
आणि गाडीतली ती यंत्रातली बाई
रोज सकाळी म्हणते, "दोनशे मीटरवर कलफान मार्ग, उजवीकडे."
कलफान नाही गं, खलफान.
घशातून. ख.
ती ऐकत नाही.

अकरा वर्षं तू मागच्या सीटवर होतास.
आधी तुझे पाय खाली पोचत नव्हते,
मग पोचले आणि माझ्या पाठीत लागू लागले,
मग एवढे लांब झाले की तू पुढे येऊन बसलास
आणि रेडिओ तुझा झाला.
सीटच्या फटीत खजुराच्या बिया.
दर गुरुवारी त्या वेचताना मी शिव्या द्यायचो
खेडच्या बोलीत,
म्हणून आमच्या भाषेतल्या तुला आधी शिव्याच आल्या.
आकडे नंतर.

धायाच्या गढीपासून शाळेच्या फाटकापर्यंत
विजेचे खांब मोजत जायचास.
अठरापर्यंत सुसाट,
एकोणीसला ब्रेक.
"इब्राहिम, यातला नऊ कुठे गेला?"
नऊ नाही रे बाबा. विसाला एक उणा, म्हणून एकोणीस.
"म्हणजे तुम्ही जे नाही, ते आधी सांगता?"

आठ वर्षांचं पोर.
मी आरशात पाहिलं.
तू काचेला नाक लावून हळहळत होतास,
बोलण्याच्या नादात तीन खांब निसटले होते.

गणवेश मिळाला त्या दिवशी म्हणालास,
आज किल्ली मला दे, तू मागे बस.
मी मागे बसलो. कसं बसायचं तेच कळेना,
हात कुठे ठेवायचे.
खाडीतल्या तिवरांवरून ओहोटीचा वास येत होता,
तू एका हाताने चालवत होतास, मी ओरडलोही.
तेव्हा दिसला
नुकत्याच भादरलेल्या मानेवर, डाव्या कानामागे,
मसुराएवढा तीळ.
अकरा वर्षं मला फक्त तुझा चेहरा माहीत होता,
तोही आरशाएवढा.

येमेनहून विमान आलं.
नमाजाला मी तिसऱ्या रांगेत होतो.
कपड्याखाली कुठेतरी तो तीळ असणार,
एवढंच डोक्यात फिरत होतं,
दुआ नीट म्हटली गेली नाही. माफ कर.

तीन दिवस मांडवात कडू कॉफी ओतली.
कुवेतची माणसं आली, मस्कतची आली,
फुजैराहून तुझ्या पलटणीतला एक पोरगा आला,
त्याच्या हाताला प्लास्टर,
तो कप घेईना आणि परतही करीना.
चौथ्या खेपेला तुझ्या वडलांनी माझ्या हातातली किटली काढून घेतली
आणि शेजारची खुर्ची ओढली.
बसलो.
कुणी काही बोललं नाही. एसीचं पाणी बादलीत पडत होतं.

रात्री घरून फोन.
रुखसाना म्हणाली, आवाज असा का, कोण गेलं?
मालकांचा मुलगा, म्हणालो.
ती म्हणाली, अरेरे. केवढा होता?
तेवीस.
या आकड्यात कुठे काही उणं नाही बघ.
सरळ म्हणता येतो.

चाळीस दिवसांनी तुझ्या आईने दारापाशी थांबवलं.
झोप लागत नसली की तो पडल्या पडल्या काही पुटपुटायचा,
लहानपणापासून.
ती कुठली दुआ, इब्राहिम? तुला ठाऊक असेल.
दुआ नाही, उम्म खलफान. आकडे आहेत, आमच्याकडचे.
म्हणून दाखव.
मी खाली बघत म्हटले. एक, दोन.
अठरापाशी थांबलो.
ती वाट बघत राहिली.
मग म्हणाली, हो, तोही इथेच थांबायचा.

यंदा खांब काढले. तारा जमिनीखाली गेल्या.
तुझा भाचा मागे बसतो, त्याच्याकडे मोबाईल आहे,
तो काही मोजत नाही.
बाई म्हणते, कलफान मार्ग.
मी म्हणतो, ख,
आणि उजवीकडे वळतो.